दुर्बिणीची बंदूक आणि माळ्यावरचें हत्यार

जुन्या लष्करी बंदुका जमविण्याचा छंद विलायतेंत व अमेरिकेंत फार आहे; त्यांतही नेमबाजांच्या दुर्बिणीच्या रायफलींस रसिक लोक विशेष मान देतात. आपल्याकडे कोणी हा छंद धरूं म्हणेल तर त्यास प्रथम कायद्याचें पुस्तक उघडावें लागेल. तथापि त्या छंदी लोकांनीं अनुभवानें ठरविलेला एक नियम आपल्या घरांतील जुन्या हत्यारांसही लागू पडण्याजोगा आहे, म्हणून हा विषय वाचकांपुढें मांडीत आहों.

लपून राहून दुरून नेम धरणाऱ्या शिपायास इंग्रजींत स्नायपर म्हणतात. हा शब्द हिंदुस्थानांतच घडला. पाणथळ जागीं वेडावांकडा उडणारा पाणलावा म्हणजे इंग्रजांचा स्नाइप. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत येथील इंग्रज अंमलदार त्याच्या शिकारीचीं वर्णनें घरच्या पत्रांतून लिहीत. पुढें शिकार माणसाची होऊं लागली तरी शब्द तोच राहिला.

दुसऱ्या महायुद्धांतील या जातीची नामांकित बंदूक म्हणजे ली-एनफील्ड नंबर चार, 'टी' खुणेची. कारखान्यांत चांचणी घेतांना ज्या रायफलींच्या गोळ्या अगदीं जवळजवळ पडत, तेवढ्याच निवडून लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूककारांकडे पाठवीत. तेथें डाव्या अंगास दुर्बिणीची बैठक बसवीत व दस्त्यावर गाल टेकण्यास लांकडी उशी जडवीत. दुर्बीण नंबर 32 ची, तिप्पट मोठें दाखविणारी. मूळ योजिली होती ती ब्रेन यंत्रबंदुकीसाठीं. तिला दोन फिरक्या असत. एकीवर 1000 यार्डांपर्यंतचें अंतर लावावयाचें, दुसरीनें नेम डावा-उजवा सरकवावयाचा. अशा वीस हजारांहून अधिक रायफली त्या कारखान्यानें तयार केल्या.

परंतु खरी मौज पुढेंच आहे. एका रायफलीस जुळविलेली दुर्बीण दुसरीस लावली तर सारा मेळ बिघडतो. म्हणून दुर्बिणीचा अंक रायफलीच्या दस्त्याच्या मानेवर ठोकून ठेवीत. युद्धानंतर सरकारी माल विक्रीस निघाला तेव्हां पुष्कळ जोड्या फुटल्या. आज त्या अंकावरून एखादा संग्राहक ताटातूट झालेली जोडी वर्षानुवर्षें शोधीत बसतो. त्याच्या लेखीं नवी झिलई दिलेल्या रायफलीपेक्षां ओरखडे पडलेली, पण आपल्याच दुर्बिणीसह असलेली रायफल कितीतरी मोलाची. दुर्बिणीच्या दोन कांचांमधील राळ पिवळी पडली तर जाणता कारागीर ती बदलतो; मात्र लांकूड तासणें, धातू घासून उजळ करणें, पुसट अक्षरें नव्यानें कोरणें, हें त्या मंडळींत पातक समजलें जातें.

या हत्याराचें कौतुक करावें कीं नाहीं, हा प्रश्न आम्हांस टाळतां येत नाहीं. कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड जिल्ह्यांतील नाईक यशवंत घाडगे हे मराठा पलटणीचे वीर. 10 जुलै 1944 रोजीं इटलींत टायबर नदीच्या खोऱ्यांत त्यांनीं शत्रूचें यंत्रबंदुकीचें ठाणें एकट्यानें जिंकलें, आणि त्याच ठाण्यांत शत्रूच्या लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातींत व पाठींत लागून ते पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तेव्हां त्यांची उमर अवघी बावीस वर्षांची होती. वालीला आडून मारलें हें योग्य कीं अयोग्य, याचा वाद आपले टीकाकार शतकानुशतकें घालीत आले. तो वाद या रायफलीपाशींही संपत नाहीं. आमच्या मतें शस्त्र झळाळून शोभेस मांडणें निराळें, आणि तें घडलें तसें, डागांसह राखणें निराळें. दुसऱ्या रीतीनें घाडग्यांचेंही स्मरण राहतें.

आपल्याकडील कायदाही, योगायोगानें कां होईना, याच बाजूचा आहे. थ्री नॉट थ्री ही लष्करी जातीची गोळी खासगी माणसास वर्ज्य. म्हणून तर इशापूरच्या कारखान्यानें नागरिकांसाठीं.315 ची शिकारी रायफल काढली. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्यावरही दोनांहून अधिक बंदुका ठेवतां येत नाहींत. परंतु 1959 च्या शस्त्र अधिनियमाचें 45 वें कलम असें आहे कीं, जें हत्यार कालबाह्य, पुराणवस्तूच्या मोलाचें वा मोडकें असून दुरुस्त करूनही उडूं शकत नाहीं, त्यास हा कायदा लागू नाहीं. अर्थात् विनापरवाना बंदूक 'चालती' करणारा मनुष्य छंदी न राहतां गुन्हेगार ठरतो.

आमच्या लवळ्याच्या आसपास खंडेनवमीस कोठें कोठें वडिलोपार्जित तलवार किंवा तोड्याच्या बंदुकीची नळी पूजेंत मांडलेली आम्ही पाहिली आहे. भाव उत्तम; पण आदल्या दिवशीं चिंच व राख लावून ती लखलखीत करतात, तेथें घात होतो. पोलादाचा जौहर, कारागिराची मुद्रा, कोफ्तगारीची सोनेरी वेल, हीं एकदां घासलीं गेलीं कीं गेलीं. ओल्या गंधाचे टिळेही पूजेनंतर पुसून काढावे. मऊ फडक्यानें पुसून धातूवर हलकें तेल फिरवावें, लांकडास जवसाच्या तेलाचा किंचित् हात द्यावा, कोरड्या जागीं ठेवावें. याहून अधिक सेवा हत्यार मागत नाहीं. दिनकर केळकरांनीं पुण्यांत उभारलेल्या संग्रहालयांतील जुनीं शस्त्रें मुलांस अवश्य दाखवावीं.

आणि ठासणीची जुनी बंदूक सांपडली तर तिची नळी डोळ्यांसमोर धरून पाहूं नये. काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक पिढ्यांनंतरही पेटते, आणि पणजोबांनीं भरलेला बार आंत तसाच असूं शकतो. अशी बंदूक जागची न हलवितां पोलीस ठाण्यास कळवावें. बार काढण्याचें काम परवानाधारक कारागिराचें.