उष्मांकांचे मोजमाप : वजन कच्च्या अन्नाचे की शिजवलेल्या?

ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज २४०० आणि शहरी भागासाठी २१०० उष्मांक (किलोकॅलरी) हे दारिद्र्यरेषेचे निकष विद्यार्थ्यांना पाठ असतात. योजना आयोगाच्या कृतिदलाने ते १९७९ मध्ये स्वीकारले; २००९ मध्ये तेंडुलकर समितीने दारिद्र्यरेषेला थेट उष्मांकांशी जोडण्याची पद्धत सोडून दिली. हे उष्मांक चुलीवर चढण्यापूर्वीच्या अन्नाचे की ताटात वाढलेल्या अन्नाचे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

ते मुख्यतः कच्च्या अन्नाचे असतात. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात कुटुंबाने किती तांदूळ, डाळ, तेल वापरले याची नोंद होते व त्या वजनाला अन्नघटकांच्या तक्त्यातील मूल्याने गुणले जाते. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ३५० उष्मांक असतात. शिजल्यावर त्याचा २५० ते ३०० ग्रॅम भात होतो. वाढलेले वजन पाण्याचे. पाण्यात उष्मांक नाहीत. त्यामुळे १०० ग्रॅम भातात जेमतेम १२० ते १४० उष्मांक उरतात. त्यातही मोकळा भात आणि गुरगुट्या भात यांतील पाणी सारखे नसते. मांसाचे नेमके उलट होते : शिजताना पाणी निघून वजन घटते व तेवढ्याच वजनात उष्मांक अधिक भरतात.

हा फरक केवळ तांत्रिक नाही. शालेय मध्यान्ह भोजनात (२०२१ पासून पीएम पोषण) प्राथमिक वर्गातील मुलासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल असे प्रमाण असून ४५० उष्मांकांची अपेक्षा आहे. बेरीज करून पाहावी : तांदळाचे ३५०, डाळीचे सुमारे ६५, तेलाचे ४५ आणि भाजीचे थोडे. अपेक्षा पूर्ण होते, पण वजन कच्चे धरले तरच. ताटात १०० ग्रॅम भात वाढून ‘प्रमाण पूर्ण’ असा शेरा मारला, तर मुलाला धान्यातून मिळायच्या उष्मांकांपैकी जेमतेम तिसरा हिस्सा ते दोन पंचमांश एवढेच मिळतात आणि कागदावर उणीव दिसत नाही.

मग ताटातल्या अन्नावरून हिशेब कसा करावा? आहारसर्वेक्षणाची रीत सोपी आहे. समजा, घरात ६०० ग्रॅम तांदळाचा १८०० ग्रॅम भात झाला आणि एका व्यक्तीने ४५० ग्रॅम खाल्ला. म्हणजे तिच्या वाट्याला पाव हिस्सा, अर्थात १५० ग्रॅम तांदूळ, सुमारे ५२५ उष्मांक आले. पाणी कितीही घातले असले तरी उत्तर बदलत नाही. पेज ओतून टाकली, तर मात्र थोडा स्टार्च व ब-जीवनसत्त्वे तिच्याबरोबर जातात. तळणीत कढईत उरलेले तेल वजा करावे लागते.

खरी अडचण घराबाहेरच्या जेवणाची आहे. खाणावळीतल्या थाळीत कच्चा शिधा किती होता हे ग्राहकाला सांगता येत नाही. तेथे उष्मांक अंदाजानेच धरावे लागतात. शिवाय घरी शिजवून नोकरांना वा पाहुण्यांना वाढलेले जेवण यजमान कुटुंबाच्याच उपभोगात मोजले जाते. परिणामी सधन कुटुंबांचे उष्मांक फुगतात आणि त्यांच्या घरी जेवणाऱ्या मजुरांचे घटतात. सरासरी उष्मांक-सेवनात दिसणाऱ्या घटीवरील वादात या मोजणीच्या बाजूला, माझ्या मते, पुरेसे महत्त्व दिले गेलेले नाही.