जुनी ‘फोर बाय फोर’ गाडी घेण्यापूर्वीं

चाकणच्या बाजारांत बैलजोडी घेण्यास गेलेला शेतकरी किती सावधगिरीनें वागतो हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. तो दांत पाहतो, खूर उचलून पाहतो, खांद्यावरून हात फिरवितो, जनावर चालवून पाहतो, आणि मगच रुमालाखालीं बोटें धरून किंमतीची गोष्ट काढतो. परंतु तोच शेतकरी बैलजोडीच्या कितीतरी पट किंमतीची जुनी मोटार घेण्यास निघाला म्हणजे रंग पाहून भुलतो, असा आमचा अनुभव आहे. सबब, चारही चाकांस जोर देणारी जुनी गाडी, जिला सर्वत्र ‘फोर बाय फोर’ म्हणतात, ती घेतांना काय पाहावें याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

चाकण पूर्वीं भुईकोट किल्ल्यामुळें व कांद्याच्या बाजारामुळें प्रसिद्ध होतें. आतां मोटारींच्या कारखान्यांमुळें झालें आहे. २००९ सालीं फोक्सवॅगन कंपनीचा कारखाना येथें सुरू झाला व पाठोपाठ महिंद्र कंपनीचाही. कारखानदारीसाठीं जमिनी गेल्या, त्यांचा पैसा कित्येक घरांत आला, व त्या पैशाचा बराचसा भाग पुनः मोटारींतच गेला. कोणाची जमीन कां गेली हा प्रश्न येथें आम्ही काढीत नाहीं. परंतु जमिनीचा पैसा एकदांच येतो, आणि तो लोखंडांत घालावयाचा तर लोखंड पारखून घ्यावें, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या मंडळाचे एक सभासद आमच्याकडे आले. त्यांची वस्ती भामा नदीच्या खोऱ्यांत, डांबरी सडकेपासून दीड मैल आंत आहे. मधली पाणंद काळ्या मातीची. पावसाळ्यांत ती चार महिने चिखलांत असते, व रब्बींत रात्रीं वीज आली कीं शेजारच्या गव्हाचें व कांद्याचें पाणी फुटून तिच्यांत येतें. मागील श्रावणांत त्यांच्या वृद्ध मातोश्रींना रात्रीं दम लागला, तेव्हां चौघांनीं खाट खांद्यावर घेऊन त्यांना सडकेवर आणलें. तेव्हांपासून त्यांनीं फोर बाय फोर घेण्याचें मनांत घेतलें होतें. एक गाडी पाहूनही ठेवली होती. बयाणा देण्यापूर्वीं आम्हीं ती पाहावी अशी त्यांची इच्छा होती. ती हकीकत पुढें येईल. तत्पूर्वीं या गाडीचें मर्म काय तें सांगितलें पाहिजे.

साध्या जीपगाडींत इंजिनाचा जोर केवळ मागील दोन चाकांस जातो. त्या दोहोंमध्यें ‘डिफरन्शियल’ नांवाची दांतेरी पेटी असते. तिच्या योगानें वळणावर बाहेरील चाक आंतल्यापेक्षां अधिक वेगानें फिरूं शकतें. परंतु एक चाक चिखलांत सांपडलें कीं हीच सोय गैरसोय होते. तें चाक गरगर फिरतें व कोरड्या जमिनीवरचें चाक स्वस्थ राहतें. फोर बाय फोर गाडींत गिअरपेटीस लागून आणखी एक पेटी असते. तिला ‘ट्रान्स्फर केस’ म्हणतात. तिचा दांडा ओढला कीं जोर पुढील चाकांसही मिळतो. त्याच पेटींत ‘लो’ म्हणून मंद गतीची एक पायरी असते; तींत गति सुमारें अडीच पटीनें उतरते व ओढण्याची शक्ति त्याच मानानें चढते. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ पासून, विलिस जीपनें हीच युक्ति रणांगणावर नेली, आणि युद्ध संपल्यावर मुंबईच्या महिंद्र कंपनीनें त्या जीपचे सुटे भाग आणून आपल्या देशांत जोडणीचा धंदा सुरू केला.

येथें तीन भ्रम दूर केले पाहिजेत. पहिला, फोर बाय फोर कोठेंही अडकत नाहीं हा. दोन्ही आंसांवरील डिफरन्शियल साधे असतील तर पुढचें एक व मागचें एक अशीं दोन चाकें फिरत राहून गाडी जागच्या जागीं बसूं शकते. कांहीं गाड्यांत डिफरन्शियल जखडण्याची सोय असते. ती आहे कीं नाहीं हें विचारून घ्यावें. दुसरा भ्रम, हा जोर सदैव लावून ठेवावा हा. वळतांना पुढचीं चाकें मागच्यांहून लांब वाट चालतात. दांड्यानें जोर जोडावयाच्या गाड्यांत हा फरक सोसण्याची सोय बहुधा नसते. तो चिखलांत चाकांच्या घसरण्यानें भरून निघतो, कोरड्या डांबरावर मात्र टायर झिजतात व दांतेरी चक्रांवर ताण येतो. तिसरा भ्रम सर्वांत घातक आहे. चार चाकांचा जोर गाडी पुढें नेण्यास उपयोगी पडतो, थांबविण्यास नव्हे. ब्रेक प्रत्येक मोटारीच्या चारही चाकांस असतातच. काश्मीर-हिमाचलाकडे बर्फावर गाड्या घसरतात त्या चढतांना तितक्या नव्हेत, जितक्या उतरतांना व थांबतांना. आपल्याकडे बर्फ नाहीं, पण पौष-माघांत पहाटे भीमा, भामा व इंद्रायणी यांच्या कांठीं धुकें दाटतें. नाशिक सडकेवर दिवे नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या चालत असतात. तेथें चार चाकांचा जोर कांहीं कामाचा नाहीं. मंद गति, स्वच्छ कांच व पिवळे दिवे हेच कामाचे.

आतां गाड्यांविषयीं. जुन्या बाजारांत १९८५ सालीं निघालेली मारुति जिप्सी, १९९८ सालीं आलेली टाटा सफारी, महिंद्रची बोलेरो, स्कॉर्पिओ व २०१० पासूनची थार, अशीं नांवें वारंवार ऐकूं येतात. परंतु नांव एक असलें तरी जोर एकच असेल असें नाहीं. सफारी, बोलेरो व स्कॉर्पिओ यांच्या पुष्कळशा गाड्या दोनच चाकांच्या जोराच्या आहेत. थारही २०२३ च्या जानेवारीपासून मागील दोन चाकांच्या जोराची मिळूं लागली. म्हणून गाडीच्या पाठीवरील अक्षरांवर विश्वासूं नये. गाडीखालीं वांकून पाहावें.

आमच्या सभासदांनीं पाहिलेल्या गाडीचें असेंच झालें. गाडी पिंपरीकडील एका विक्रेत्याकडे होती. रंग नवा, टायर रुंद, आंत दांडाही होता. आम्हीं अगोदर निरोप धाडला होता कीं, आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करूं नये. थंडीच्या दिवसांत ही अट अवश्य घालावी. गेलों तों बॉनेट ऊन लागलें. थंड इंजिन किती खळखळ करतें हें आम्हांस दिसूं नये अशी तजवीज तेव्हांच झाली होती. पुढें गाडी मोकळ्या रानांत नेण्याचा आम्हीं आग्रह धरला. एका भिजलेल्या बांधाजवळ ती उभी करून दांडा ओढला व हळूच क्लच सोडला. मागचीं चाकें चिखल उडवीत फिरलीं. पुढचीं हललीं नाहींत. खालीं निजून पाहतों तों ट्रान्स्फर केसपासून पुढच्या आंसाकडे जाणारा फिरता दांडा, ज्याला ‘प्रोपेलर शाफ्ट’ म्हणतात, तोच काढून टाकलेला! पुढचा आंस बिघडला म्हणजे दुरुस्तीचा खर्च टाळण्याचा हा सोपा मार्ग आहे. विक्रेता म्हणाला, “तुम्हांला रोज कुठें लागणार तें?” आमचे सभासद कांहीं बोलले नाहींत. परत येतांना एवढेंच म्हणाले, “ज्या दिवशीं लागणार होतें, त्या दिवशीं आई गाडींत असती.”

यावरून जो क्रम आम्हीं बांधला तो वाचकांच्या उपयोगासाठीं देतों.

प्रथम थंड इंजिन सुरू करावें. निळा धूर सतत येत राहिला तर इंजिन तेल खातें असें समजावें. दाट काळा धूर डिझेल नीट जळत नसल्याची खूण आहे. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाहीं तर पाणी आंत शिरत असण्याचा संभव असतो. थंडींत डिझेल गाडी सुरू होण्यास फार वेळ घेऊं लागली तर बॅटरी व हीटर प्लग तपासावे. नंतर गाडीखालीं जावें. चौकटीवर वांकल्याच्या, जोड दिल्याच्या किंवा ताज्या रंगाच्या खुणा शोधाव्या. ट्रान्स्फर केस व दोन्ही आंसांतील तेल थोडें काढून पाहावें. तें दुधासारखें असेल तर गाडी खोल पाण्यांत गेलेली आहे. लोखंडी चुरा दिसला तर दांत झिजत आहेत. चारही टायर एकाच मापाचे व सारख्याच झिजेचे असावे. तसे नसल्यास चार चाकांच्या जोरांत सांध्यांवर सदैव ताण राहतो. शेवटीं ओल्या जमिनीवर दांडा ‘लो’ पायरीपर्यंत ओढून पाहावा, आणि तो परत सुटतो कीं नाहीं हेंही पाहावें. हें सर्व आपणांस जमत नसेल तर स्वतःचा मिस्त्री बरोबर न्यावा, विक्रेत्याचा नव्हे.

गाडीइतकेच कागद महत्त्वाचे. नोंदणीपुस्तकावरील चासी व इंजिनाचे आंकडे गाडीवरील आंकड्यांशीं स्वतः ताडून पाहावे. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचा दाखला व नमुना ३५ हातीं आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊं नये. हस्तांतराचे नमुने २९ व ३० आहेत. त्यांवर कोऱ्या सह्या देऊं-घेऊं नयेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें राज्यांतील विक्री असल्यास विकणाऱ्यानें १४ दिवसांत व घेणाऱ्यानें ३० दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावयाचें असतें. विमाही आपल्या नांवावर करून घेण्यास १४ दिवसांत अर्ज करावा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनीं संपते व तपासणीनंतर पांच वर्षांसाठीं वाढवून मिळते. म्हणून चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळाली तर पुढील खर्च किंमतींत धरावा. विकणाऱ्यासही सांगतों कीं, नांव न बदलतां गाडी देऊं नये. नोंदणीपुस्तकांत ज्याचें नांव तो अपघाताच्या भरपाईस जबाबदार, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं स्पष्ट केलें आहे. आणि एक गोष्ट: खाजगी नोंदणीच्या गाडींतून भाडें घेऊन मजूर किंवा माल नेऊं नये. अशा वेळीं अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करण्याचा संभव आहे, आणि मग उरलेली जमीनही धोक्यांत येते.

सर्वांत शेवटचा प्रश्न वाचकांनीं आपणांस प्रथम विचारावा: ही गाडी मला खरोखर लागते काय? ज्याची वस्ती पक्क्या सडकेवर आहे त्यानें केवळ मिरवण्यासाठीं हिचा वाढता डिझेलखर्च व महाग दुरुस्ती पत्करूं नये. घरच्या ट्रॅक्टरनें वर्षांतील दोन-चार अडचणी निभावतात. पाणंदेंत मुरूम टाकून ती पक्की करणें चौघांनीं मिळून शक्य असेल तर तें काम गाडीपेक्षां आधीं करावें. त्याचा लाभ सर्वांस होतो.

आमच्या सभासदांनीं महिनाभर थांबून जुन्नरकडील एका वयस्क बागायतदाराची गाडी घेतली. रंग उडालेला, एका बाजूस पोचा, परंतु मालकानें गाडीचे तीन दोष आपण होऊनच सांगितले होते, व चौथा आम्हांस सांपडला नाहीं. पौषांत एका रात्रीं त्यांच्या मातोश्रींना पुनः दम लागला. पाणंदेंत पाणी होतें. या खेपेस खाट उचलावी लागली नाहीं. सडकेवर आल्यावर दांडा परत टाकून, दाट धुक्यांतून बैलगाडीच्या गतीनें, त्यांनीं गाडी चाकणच्या दवाखान्यापर्यंत आणली. मातोश्री आतां बऱ्या आहेत. पाणंदेवर मुरूम टाकण्यासाठीं शेजाऱ्यांची पहिली बैठकही त्यांच्याच ओसरीवर भरली, हें सांगून हा लेख पुरा करितों.