गुरखा की थार?

कळमेश्वरच्या काळ्या मातीत पाऊस मुरला, की संत्र्याच्या बागेकडे जाताना गाडीचं एक चाक जागीच गरगरतं. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर पुरवतो. घसरत्याला लागतो तेवढाच पकड असलेल्यालाही, म्हणजे जवळपास काहीच नाही. पुण्याच्या फोर्सच्या गुरखामध्ये पुढचा आणि मागचा, दोन्ही डिफरन्शियल लॉक होतात. मग जोडीची चाकं एकाच वेगानं फिरतात. महिंद्राच्या २०२० च्या थारला असा लॉक फक्त मागे, तोही काही मॉडेलांतच. २०२४ ची गुरखा १४० पीएसची, २.२ लिटर डिझेल थार १३२ ची. चिखलात या आकड्यांना कोण विचारतो! डांबरावर मात्र थार सरस. तिची पुढची चाकं स्वतंत्रपणे खालीवर होतात. रोज नागपूर गाठायचं, तर मी थारच घेईन.