गेम बॉय : जुनी कार्ट्रिज हाती घेण्याआधी

• निंटेंडोचं हे यंत्र जपानमध्ये २१ एप्रिल १९८९ रोजी विक्रीला आलं. पडदा १६० × १४४ पिक्सेलचा, छटा चारच. मागून उजेड नाही. खेळायचं तर खिडकीशी किंवा दिव्याखाली बसायचं. चार पेन्सिल सेलवर चाले.

• ‘टेट्रिस’ अमेरिकेत यंत्रासोबतच मिळे.

• ‘पोकेमॉन’ १९९६ चा. दोन यंत्रं केबलनं जोडून पोकेमॉनची अदलाबदल. खरी गंमत तीच.

• ‘पोकेमॉन’च्या कार्ट्रिजमध्ये खेळातली प्रगती जपायला शर्टाच्या बटणासारखा चपटा सेल असतो. तो संपला तरी खेळ सुरू होतो, पण यंत्र बंद करताच जतन केलेलं पुसलं जातं. सेल डाग देऊन बसवलेला. काढला की जुनी प्रगतीही जाते. ‘टेट्रिस’मध्ये असा सेलच नाही.