उपग्रहांची नोंदवही साध्या अक्षरांत

पावसाचा अंदाज बांधताना उपग्रहांच्या चित्रांचा आधार घेतात, हे वाचकांस ठाऊक आहेच. आकाशात चालू स्थितीतील उपग्रह कोणते व कोणाचे, याचीही नोंदवही आहे. अमेरिकेतील युनियन ऑफ कन्सर्न्ड सायंटिस्ट्स या संस्थेने ती 2005 साली प्रथम प्रसिद्ध केली. 1 मे 2023 पर्यंतच्या आवृत्तीत 7,560 उपग्रह आहेत. मालक, उपयोग, कक्षा, वजन, उड्डाणाची तारीख असे रकाने आहेत.

वही दोन रूपांत मिळते. एक एक्सेलचे, दुसरे साध्या अक्षरांचे, जे कोणताही संगणक उघडतो, मग तो शाळामास्तरांचा असो वा संशोधकाचा. आम्हांस दुसरेच अधिक मोलाचे वाटते. त्यात रकाने टॅबने तोडलेले असतात. स्वल्पविरामाने तोडते तर नावातलाच स्वल्पविराम घात करिता. मात्र एक टॅब गळाला की पुढील ओळ एक घर सरकते, आणि विद्युत्‌शक्तीच्या रकान्यात उड्डाणाची तारीख येऊन बसते. सातबाऱ्याची नक्कल उतरताना आमच्या हातून एकदा आकाराचा आकडा असाच क्षेत्राच्या रकान्यात गेला; त्यापायी एका गृहस्थास तालुक्याच्या चार खेपा पडल्या.

नक्कल घेताना तिची तारीखही पाहावी. 17 फेब्रुवारी 2024 रोजी सोडलेला आपला हवामानाचा इन्सॅट-3डीएस वरील आवृत्तीत शोधून सापडावयाचा नाही.