विश्लेषण : लोकलने न्यायच्या मॉड्युलर सिंथेसायझरसाठी पेटी कशी निवडाल?

बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर ६८ किलोमीटर, अंबरनाथपासून ६० किलोमीटर. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरात राहायचे आणि कार्यक्रमासाठी दादर, वांद्रे, अंधेरी गाठायचे, हे इथल्या वादकांच्या अंगवळणी पडले आहे. पण मॉड्युलर सिंथेसायझर हे वाद्य तबल्यासारखे किंवा कीबोर्डसारखे तयार पिशवीत बसत नाही. त्याची पेटी वेगळी निवडावी लागते. ही निवड चुकली तर महागडे वाद्य घरातच पडून राहते किंवा पहिल्याच दिवशी जळू शकते.

मॉड्युलर सिंथेसायझर म्हणजे काय?

कीबोर्डमध्ये आवाज तयार करणारी सगळी यंत्रणा कारखान्यातूनच जोडून येते. मॉड्युलरमध्ये ती सुट्या भागांत मिळते. एक मॉड्यूल ध्वनी निर्माण करते, दुसरे तो गाळते, तिसरे त्याचा चढउतार ठरवते. वादक छोट्या केबलींनी हे भाग हवे तसे जोडतो. ही सारी मॉड्यूल ज्या चौकटीत बसतात आणि जिथून त्यांना वीज मिळते, ती रॅक केस. आपण तिला पेटी म्हणू; इथे पेटी म्हणजे हार्मोनियम नव्हे.

भारताला हे वाद्य नवे नाही. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये १९६९ मध्ये अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग कंपनीचा मॉड्युलर सिंथेसायझर बसवला होता. गीता साराभाई, अतुल देसाई आदींनी त्यावर काम केले. तो स्टुडिओत एका जागी ठेवण्याचा संच होता. आज वादक पाठीवर घेऊन फिरतात तो ‘युरोरॅक’ नावाचा लहान प्रकार. जर्मनीच्या डोप्फर कंपनीने १९९० च्या दशकात आणलेल्या ए-१०० मालिकेतून तो रूढ झाला.

पेटीचे माप कसे मोजतात?

युरोरॅकची उंची ३ ‘यू’ असते. मॉड्यूलच्या दर्शनी पट्टीची प्रत्यक्ष उंची १२८.५ मिलिमीटर. रुंदी ‘एचपी’मध्ये मोजतात आणि १ एचपी म्हणजे ५.०८ मिलिमीटर. त्यामुळे ८४ एचपीची ओळ सुमारे ४२.७ सेंटिमीटर, १०४ एचपीची ५२.८ सेंटिमीटर आणि १४० एचपीची ७१ सेंटिमीटर रुंद होते. यात पेटीच्या भिंतींची जाडी धरलेली नाही. ‘६ यू, ८४ एचपी’ असे लिहिले असेल, तर ८४ एचपीच्या दोन ओळी एकावर एक आहेत, असे समजावे.

लोकलसाठी किती मोठी पेटी योग्य?

बदलापूरला रिकाम्या गाडीत बसायला मिळाले, तरी परतीच्या गाडीत जागा मिळेलच असे नाही. गर्दीत बॅग पाठीवरून काढून छातीशी धरावी लागते. ७१ सेंटिमीटरची पेटी तशी धरताच येत नाही; ती दारातच आडवी येते. ८४ एचपीची एक किंवा दोन ओळींची पेटी छातीशी धरता येते, वरच्या रॅकवर ठेवता येते आणि विमान प्रवासात केबिनमध्ये नेण्याचीही शक्यता राहते. मात्र देशांतर्गत विमानात हातातल्या सामानाला साधारण सात किलोंची मर्यादा असते. दोन ओळींची लाकडी पेटी भरल्यावर ती मर्यादा सहज ओलांडते.

खरेदीआधी एक सोपी चाचणी करावी. त्याच मापाचा खोका घ्यावा, त्यात अंदाजे तेवढे वजन भरावे आणि स्टेशनचा पूल एकदा चढून उतरावा. दम लागला तर एक ओळ कमी करावी.

वीजपुरवठा का महत्त्वाचा?

बहुतेक जण पेटी पाहताना लाकूड आणि रंग पाहतात. खरा खर्च आणि खरा धोका वीजपुरवठ्यात असतो. युरोरॅकला +१२ व्होल्ट, -१२ व्होल्ट आणि काही मॉड्यूलना +५ व्होल्ट लागतात. प्रत्येक मॉड्यूल यांतल्या कोणत्या वाहिनीवर किती मिलिअँपिअर घेते, हे उत्पादक सांगतो. तिन्हींची बेरीज वेगवेगळी करावी. समजा, तुमची मॉड्यूल +१२ वर ९०० आणि -१२ वर ५०० मिलिअँपिअर घेतात. मग +१२ वर १००० देणारा पुरवठा कागदावर पुरेसा दिसतो, पण सुरू होताना काही मॉड्यूल क्षणभर जास्त प्रवाह ओढतात. किमान २० ते ३० टक्के जागा मोकळी ठेवावी. इथे १२०० चा पुरवठा बरा.

दुसरा धोका पट्टी केबलचा. तिची लाल कड -१२ व्होल्टची बाजू दाखवते. केबल उलटी लागली तर मॉड्यूल कायमचे जळू शकते. ज्या पेटीतल्या जोडणीला खाच आहे, म्हणजे केबल उलटी बसतच नाही, ती निवडावी. तरीही मॉड्यूलच्या बाजूची दिशा दर वेळी तपासावी.

पुरवठा बाहेरच्या अॅडॉप्टरवर चालत असेल तर फिरत्या वादकाला सोयीचे. २३० व्होल्ट पेटीच्या आत येत नाहीत आणि अॅडॉप्टर बिघडला तर बदलता येतो. त्याच व्होल्टेजचा, त्याच ध्रुवतेचा जादा अॅडॉप्टर सोबत असावा. कार्यक्रमाच्या ठिकाणाहून तो आणायला बदलापूरला परत येता येत नाही.

खोली आणि झाकण कसे तपासायचे?

मॉड्यूलची मागची खोली सारखी नसते. पातळ पेटीत खोल मॉड्यूल बसत नाही. सर्वात खोल मॉड्यूलचे माप घ्यावे, त्यात केबलच्या जोडणीसाठी जागा मिळवावी, मगच पेटी पाहावी. झाकणाखाली चार-पाच सेंटिमीटर मोकळे असतील तर घरी लावलेल्या केबली तशाच ठेवून निघता येते. ध्वनिचाचणीला दहाच मिनिटे मिळतात, तेव्हा याची किंमत कळते.

उल्हासनगरात बनवून घेता येईल का?

येईल. उल्हासनगरचा फर्निचर बाजार प्रसिद्ध आहे आणि अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत इंजिनीअरिंगची कामे करणारे छोटे कारखाने आहेत. प्लायचा खोका, कडेला अॅल्युमिनियमची पट्टी, कोपरे आणि कड्या ही कामे कारागिराला अवघड नाहीत. मात्र मॉड्यूल ज्यावर बसतात त्या रेल तयारच घ्याव्यात. त्या हातात आल्यावरच खोक्याचे माप द्यावे. वरच्या आणि खालच्या स्क्रूंच्या छिद्रांमधले अंतर १२२.५ मिलिमीटर असते; दोन मिलिमीटरची चूकही चालत नाही. म्हणून एक मॉड्यूल सोबत नेऊन ते रेलवर घट्ट बसवूनच रेल ठोकाव्यात. वीजपुरवठा मात्र घरगुती जुगाडावर सोडू नये, तयार घ्यावा.

पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

२७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली आणि हजारांहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. अशा दिवशी खांद्यावर निघेल तेवढेच सामान आपले. पेटीला पट्टा हवा, बाहेरून जलरोधक कव्हर हवे आणि आत सिलिका जेलच्या पुड्या. एसी लोकलमधून दमट हवेत आल्यावर थंड धातूवर बाष्प धरते, म्हणून अर्धा तास थांबूनच वीज सुरू करावी.

मग निवडीचा क्रम कोणता?

आधी आपण किती उचलू शकतो ते ठरवा, मग कार्यक्रमाला खरोखर लागणारी मॉड्यूल लिहा, त्यांची खोली आणि विजेची बेरीज करा; पेटी सर्वात शेवटी. पुढे लागेल म्हणून मोठी पेटी घेणारे रिकाम्या जागा भरण्यासाठी नवी मॉड्यूल घेत राहतात. घरासाठी मोठी पेटी नंतरही घेता येते. रात्रीची शेवटची लोकल पकडताना हातात पेलवेल, तीच पहिली पेटी.