हसऱ्या माणसाचे आरोग्य : रमेश देव यांचे स्मरण

ज्येष्ठ अभिनेते रमेश देव यांनी ३० जानेवारी २०२२ रोजी वयाची ९३ वर्षे पूर्ण केली आणि त्यानंतर तीनच दिवसांनी, २ फेब्रुवारीला, हृदयविकाराच्या झटक्याने मुंबईत त्यांचे निधन झाले. देखणा नायक, तितकाच रुबाबदार खलनायक, निर्माता आणि दिग्दर्शक अशी त्यांची ओळख वृत्तपत्रांनी त्या वेळी सविस्तर करून दिली. कुटुंबाच्या आरोग्याला वाहिलेल्या या पाक्षिकात त्यांचे स्मरण करण्याचे कारण मात्र थोडे निराळे आहे. रमेश देव हे मनमुराद हसणारे, गप्पांत रंगणारे, नव्वदीतही उत्साहाने उठबस करणारे गृहस्थ होते आणि तितकेच संसारात रमलेले होते. हसतमुखपणा आणि कुटुंबवत्सलता हे दोन गुण एका माणसात एकत्र आले, म्हणजे त्या घराच्या प्रकृतीला त्याचा केवढा आधार होतो, हे वैद्यकाच्या नजरेने पाहण्यासारखे आहे.

पडद्यावरचा आणि घरातला संसार

रमेश देव मूळचे कोल्हापूरचे. राजा परांजपे यांच्या 'आंधळा मागतो एक डोळा' (१९५६) या चित्रपटात ते खलनायक म्हणून प्रेक्षकांसमोर आले. पुढच्याच वर्षी 'आलिया भोगासी'मध्ये गिरगावातील नलिनी सराफ ही तरुणी रुपेरी पडद्यावर आली. मराठी प्रेक्षक तिला सीमा या नावाने ओळखू लागले. या दोघांची पहिली गाठ मुंबईच्या लोकलगाडीत पडली, ही हकीकत रमेश देव पुढे अनेक वर्षे मोठ्या रंगात सांगत. रोज त्याच गाडीने ये-जा करणाऱ्या आपल्यासारख्या बदलापूरकरांना ती ऐकताना विशेष मौज वाटते.

'सुवासिनी', 'वरदक्षिणा' अशा चित्रपटांतून ही जोडी महाराष्ट्राच्या घराघरांत पोचली आणि १९६३ मध्ये दोघे विवाहबद्ध झाले. पुढे 'अपराध' (१९६९) आला. थोरला मुलगा अजिंक्य अभिनेता झाला, तर धाकटा अभिनय दिग्दर्शक. 'सर्जा' (१९८७) या सीमाताईंची निर्मिती असलेल्या चित्रपटाचा नायक अजिंक्य होता. 'वासुदेव बळवंत फडके' (२००७) हा चित्रपटही घरच्याच संस्थेने काढला. कामाची जागा आणि घर यांच्यात या कुटुंबाने भिंत उभी केली नाही. जुलै २०१३ मध्ये या दांपत्याच्या विवाहाला ५० वर्षे झाली. चित्रपटसृष्टीसारख्या अस्थिर व्यवसायात इतका दीर्घ आणि आनंदी सहवास लाभणे दुर्मीळच म्हणावे लागेल.

आम्हां डॉक्टरांना रमेश देव अधिक जवळचे वाटतात ते 'आनंद' (१९७१) मधील डॉ. प्रकाश कुलकर्णी या भूमिकेमुळे. काल्पनिक आजार घेऊन येणाऱ्या श्रीमंत रुग्णाला मिस्कीलपणे समजावणारा हा डॉक्टर कोणत्याही जनरल प्रॅक्टिशनरला आपल्याच जातकुळीतला वाटावा. त्यात सुमन या त्याच्या पत्नीची भूमिका सीमाताईंनीच केली होती. मृत्यूची छाया असलेल्या त्या कथेत कुलकर्ण्यांचे घर ही विसाव्याची जागा आहे. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या आनंदला तिथे माया मिळते, थट्टामस्करी मिळते. असाध्य आजार असलेल्या माणसाला औषधाबरोबर घरपण लागते, हे त्या घराने आपल्याला न बोलता सांगितले.

आजार लपवला नाही

ऑक्टोबर २०२० मध्ये अजिंक्य देव यांनी आपल्या आईला अल्झायमर हा आजार झाल्याचे जाहीर केले आणि महाराष्ट्राने तिच्यासाठी प्रार्थना करावी अशी विनंती केली. रमेश देव तेव्हा ९१ वर्षांचे होते. एका नामवंत कुटुंबाने हे मोकळेपणाने सांगावे, ही आरोग्यशिक्षणाच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती. कारण आपल्याकडे या आजाराला अजूनही 'म्हातारचळ' म्हणून हसण्यावारी नेतात, नाहीतर 'साठी बुद्धी नाठी' म्हणून सोडून देतात.

अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरने १९०६ मध्ये या विकाराचे प्रथम वर्णन केले. मेंदूतील पेशींभोवती आणि पेशींमध्ये विकृत प्रथिने साचत जातात, पेशी निकामी होतात आणि आधी अलीकडची स्मृती, मग भाषा, दिशा व दैनंदिन व्यवहार यांवरचा ताबा सुटत जातो. स्मृतिभ्रंशाच्या कारणांत हे सर्वांत मोठे कारण आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरील अभ्यासानुसार भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. हे प्रमाण शंभरात सातांहून थोडे अधिक भरते.

चष्मा कुठे ठेवला ते विसरणे हा वयाचा भाग असू शकतो. तोच प्रश्न दहा मिनिटांत चार वेळा विचारणे, रोजच्या वाटेवर चुकणे, आयुष्यभर केलेल्या आमटीची कृती न सुचणे, पैशांचा हिशेब अचानक न जमणे, स्वभावात एकाएकी बदल होणे, ही मात्र तपासणीची कारणे आहेत. तपासणी करायची ती केवळ नाव देण्यासाठी नव्हे. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य, काही औषधांचे परिणाम किंवा पडल्यावर डोक्यात साचलेले रक्त यांमुळेही विस्मरण होते आणि त्यांवर उपचार असतात. शाकाहारी घरांत बी-१२ची तपासणी आवर्जून करावी.

आठवण जाते, भावना मागे राहते

अल्झायमर झालेल्या व्यक्तीच्या घरात हसतमुख माणसाचे मोल किती, याला आता शास्त्राचा आधार मिळाला आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णांना चित्रपटांतील काही आनंदी आणि काही दुःखी प्रसंग दाखवले. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. थोड्याच वेळात रुग्ण काय पाहिले ते बहुतांशी विसरले. त्या प्रसंगांनी मनात निर्माण केलेला आनंद किंवा विषाद मात्र आठवण गेल्यावरही टिकून राहिला.

या निष्कर्षाचा घरातील अर्थ फार मोठा आहे. 'तिला काही कळत नाही, मग बोलून काय उपयोग?' हा विचार चुकीचा ठरतो. सकाळी कोणी प्रेमाने हात हातात घेतला, हे दुपारी आठवणार नाही; त्या स्पर्शाने आलेली स्वस्थता मात्र दुपारपर्यंत साथ देऊ शकते. तसेच कोणी चिडून बोलले, तर कारण विसरले जाते आणि अस्वस्थता तेवढी उरते.

म्हणून अशा घरात काही पथ्ये पाळावीत. 'मला ओळखलंस का?' अशी परीक्षा घेऊ नये. 'आई, मी सुधा आले' असे आपणच आपले नाव सांगून बोलावे. चूक दुरुस्त करीत बसू नये, विषय हळूच वळवावा. जुने फोटो, भावगीते, अभंग, आरत्या यांचा भरपूर उपयोग करावा, कारण सूर आणि ताल यांची स्मृती बहुधा उशिरापर्यंत शाबूत राहते. विनोद जरूर करावा, मात्र रुग्णाबरोबर हसावे, त्याला हसू नये. जेवण, स्नान, फिरणे यांच्या वेळा शक्यतो बदलू नयेत.

हसणाऱ्यालाही तपासा

आता या विषयाची दुसरी बाजू, जी माझ्या मते अधिक दुर्लक्षित आहे. घरातील आनंदी माणूस हा घराचा आधार असतो आणि म्हणूनच त्याच्या दुखण्याकडे सर्वांत शेवटी लक्ष जाते. रमेश देव यांना ९३ वर्षांचे कृतार्थ आयुष्य लाभले. त्यांच्या निधनातून ओढूनताणून धडा काढण्याचे कारण नाही. मात्र साठी-सत्तरीतील अनेक हौशी, घरासाठी झटणारे पुरुष आपले दुखणे विनोदावारी नेतात, हे दवाखान्यात नित्य दिसते.

शिरगावात आणि एकूणच बदलापुरात मुले-सुना पहाटेची लोकल पकडतात आणि दिवेलागणीनंतर परततात. दिवसभर घरी दोघेच असतात. त्यांतील एकाला विस्मरण झाले, की दुसरा चोवीस तासांचा परिचारक होतो. तो पत्नीला तपासायला घेऊन येतो, तिची औषधे पाठ सांगतो, डॉक्टरांची थट्टाही करतो. 'काका, तुमचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला?' असे विचारले, की मात्र उत्तर येते, 'मला काय धाड भरली आहे?' त्याची झोप मोडलेली असते, फिरणे बंद झालेले असते, मित्र सुटलेले असतात. बाहेरून हसू तेवढे शिल्लक असते.

अशा व्यक्तीचा रक्तदाब दर महिन्याला मोजावा. साखर, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडाची तपासणी आणि ईसीजी वर्षातून एकदा करावा. कान आणि डोळे तपासून घ्यावेत. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाच्या अहवालाने स्मृतिभ्रंशास कारणीभूत ठरणारे, पण टाळता येण्याजोगे १४ घटक सांगितले आहेत. त्यांत बहिरेपणा, अंधुक दृष्टी, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, व्यायामाचा अभाव, नैराश्य आणि एकटेपणा यांचा समावेश आहे. या सर्व घटकांकडे आयुष्यभर लक्ष दिले, तर स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के प्रकार टाळता किंवा लांबवता येऊ शकतील, असा आयोगाचा अंदाज आहे. म्हणजे सांभाळणाऱ्याची प्रकृती जपणे हा त्याच्या उद्याच्या स्मृतीचाही विमा आहे.

वृद्धांत हृदयविकाराचा झटका छातीतील कळ घेऊनच येतो असे नाही, मधुमेहींत तर नाहीच. एकाएकी धाप लागणे, दरदरून घाम, पोटाच्या वरच्या भागातील दुखणे, जबडा किंवा हात भरून येणे, अचानक गळून जाणे किंवा गोंधळल्यासारखे वागणे ही त्याची रूपे असू शकतात. 'गॅस झाला असेल' म्हणून सोडा पिऊन वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, रुग्णाला चालवू नये, स्वतः गाडी चालवू देऊ नये. आपल्या भागात रात्री-अपरात्री ईसीजी कोठे होतो आणि अँजिओप्लास्टीची सोय कोणत्या रुग्णालयात आहे, ही माहिती आजच काढून भिंतीवर लावावी. त्या तासात शोधाशोध करायला वेळ नसतो.

सांभाळणाऱ्याला आठवड्यातून निदान दोन दुपारी मोकळीक मिळालीच पाहिजे. शेजारी, नातलग, रविवारी घरी असलेली मुले, सर्वांनी पाळी लावून घ्यावी. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, मनावरचा ताण असह्य झाल्यास १४४१६ वर टेली-मानसची विनामूल्य सेवा मिळते.

मागे राहिलेल्याचे काय?

रमेश देव यांच्यानंतर दीड वर्षाने, २४ ऑगस्ट २०२३ रोजी, ८१व्या वर्षी सीमाताईंनीही जगाचा निरोप घेतला. जोडीदारांपैकी धडधाकट माणूस आधी जावा आणि स्मृती हरवलेला मागे राहावा, असे अनेक घरांत घडते. तेव्हा कुटुंबीय हमखास विचारतात, 'डॉक्टर, आईला सांगायचे का?' एकदा सांगावे. शांतपणे, सोप्या शब्दांत, जवळच्या माणसाने हात धरून सांगावे, कारण शोक करण्याचा तिलाही अधिकार आहे. मात्र ती विसरून पुन्हा 'हे कुठे गेले?' असे विचारू लागली, तर दर वेळी तीच वार्ता देऊ नये. प्रत्येक वेळी तिला तो आघात नव्याने होतो. 'बाबांची आठवण येते ना?' असे म्हणून त्यांच्याविषयी बोलावे. ते कसे हसवायचे, कोणते गाणे गुणगुणायचे, बाजारातून काय आणायचे, हे सांगावे.

हार्वर्ड विद्यापीठात १९३८ मध्ये सुरू झालेल्या प्रौढ जीवनाच्या अभ्यासाने असे दाखवले, की पन्नाशीत ज्यांचे नातेसंबंध समाधानाचे होते, ती माणसे ऐंशीत अधिक निरोगी होती. रमेश देव यांना हा अभ्यास वाचावा लागला नसणार. हसण्याची हौस आणि घराची ओढ त्यांच्या स्वभावातच होती. आपल्या घरातही असा एखादा माणूस असतो. त्याच्या विनोदांना हसून झाले, की या आठवड्यात त्याचा रक्तदाबही मोजून घ्यावा.